नागपुरात अडुळसा : वाढतो भरपूर, पण फुलत का नाही?

परसदार (ऑगस्ट)

नमस्कार. दक्षिण नागपुरातील आमच्या घरामागे, पश्चिमेच्या कंपाउंडच्या भिंतीलगत, तीन वर्षांपूर्वी मी अडुळशाचे एक रोप लावले होते. आज ते झुडूप माझ्या डोक्याच्या वर गेले आहे, पाने वीतभर लांब आहेत आणि फांद्यांची दाटीही चांगली आहे. परंतु या तीन वर्षांत त्याला एकही फूल आलेले नाही. सासूबाईंच्या माहेरी, आर्वीला, विहिरीच्या कडेला अडुळसा होता आणि थंडीत तो पांढऱ्या तुऱ्यांनी भरून जात असे, असे त्या नेहमी सांगायच्या. ते पाहण्यासाठीच मी हे रोप लावले. आता त्या नाहीत, त्यामुळे विचारायला घरात कोणी उरलेले नाही.

आणखी दोन अडचणी आहेत. मे महिन्यात पानांच्या कडा करपून तपकिरी होतात, आणि पावसाळ्यात झड लागली की खालची पाने पिवळी पडून गळतात. आमची जमीन काळीभोर आहे. उन्हाळ्यात झाडाला रोज पाणी घातले जाते, त्यामुळे पाण्याची कमतरता असेल असे वाटत नाही. हे झाड खरोखर अडुळशाचेच आहे का, अशीही शंका आता मनात येऊ लागली आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काटोलचा_बागाईतदार (ऑगस्ट)

ताई, शंका आधी दूर करू, कारण रोपवाटिकेत अडुळसा म्हणून दोन वेगळी झाडे दिली जातात. खऱ्या अडुळशाचे, म्हणजे जस्टिसिया अधाटोडाचे, पान रुंद, भाल्याच्या पात्यासारखे आणि दोन्ही टोकांना निमुळते असते; ते 10 ते 20 सेंटिमीटर लांब असते आणि चुरगळल्यावर त्याला एक उग्र, कडवट वास येतो. दुसरे झाड काळा अडुळसा, जस्टिसिया जेंडारुसा. त्याची पाने अरुंद असतात, कोवळ्या फांद्या आणि पानांची मधली शीर काळपट जांभळी दिसते, आणि त्याची उंची साधारणपणे कमरेच्या आसपासच राहते. दोन्ही एकाच कुळातील असली तरी औषधात एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

तुमचे झाड डोक्याच्या वर गेले आहे आणि पाने वीतभर आहेत, त्यावरून ते खरा अडुळसाच असावे. मला वेगळेच विचारायचे आहे. त्याची छाटणी तुम्ही करता का, आणि वर्षातून कधी करता?

परसदार (ऑगस्ट)

पाने तुम्ही सांगितली तशीच रुंद आहेत आणि वासही उग्र आहे, हे आत्ताच परसात जाऊन पाहून आले. छाटणी दरवर्षी होते. दिवाळीच्या आधी घराची आणि परसाची साफसफाई करायला माणूस येतो, तेव्हा तो भिंतीच्या वर गेलेल्या सर्व फांद्या सारख्या करून देतो. त्यानंतर झाड पुन्हा छान फुटते, त्यामुळे छाटणीने त्याचे नुकसान होत असेल असे मला कधी वाटले नाही.

काटोलचा_बागाईतदार (ऑगस्ट)

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. अडुळशाचे तुरे फांद्यांच्या टोकाकडील पानांच्या बेचक्यांतून निघतात. पावसाळा सरला आणि रात्री गार होऊ लागल्या की त्या बेचक्यांत तुरे धरण्याची तयारी सुरू होते, आणि आपल्याकडे थंडीच्या मधल्या महिन्यांत झाड फुलावर येते. नेमक्या त्याच तयारीच्या दिवसांत तुमच्याकडे सगळ्या फांद्यांची टोके कापली जातात. त्यानंतर जी फूट येते ती पानांची असते, आणि ती पक्व होईपर्यंत हंगाम निघून जातो. झाड छान फुटते हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे, परंतु ती फूट फुलांच्या मोबदल्यात आलेली असते.

आमच्या संत्र्याच्या बागेला दोन बाजूंनी अडुळशाचेच कुंपण आहे. वडिलांनी लावलेले आहे. संत्र्याला बहार धरण्यासाठी पाणी तोडून ताण द्यावा लागतो. अडुळशाला असे काही करावे लागत नाही, त्याला फक्त वेळेवर एकटे सोडावे लागते. जूनचे एक-दोन चांगले पाऊस झाले की आम्ही त्याला कमरेपर्यंत बिनधास्त छाटतो. नंतर लागली तर थोडी हलकी छाटणी जुलैपर्यंत होते. पोळा झाला की मात्र कुंपणाला कात्री लागत नाही, हा वडिलांच्या काळापासूनचा शिरस्ता आहे. यंदाचा पोळा तोंडावर आला आहे, तेव्हा तुमच्या साफसफाईच्या माणसाला आत्तापासूनच सांगून ठेवा.

कुंपणासाठी अडुळसा निवडण्याचे आणखी एक कारण म्हणजे शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. तमिळमध्ये या झाडाचे नावच ‘आडातोडै’, म्हणजे शेळी ज्याला शिवत नाही ते, असे आहे, आणि तेच नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 साली झाडाच्या शास्त्रीय नावात घेतले. गावात मोकळी जनावरे फिरतात अशा ठिकाणी याचे महत्त्व लगेच पटते.

मृदावाचक (ऑगस्ट)

फुलांचा प्रश्न वरच्या उत्तराने सुटला आहे, त्यामुळे मी फक्त पाने पिवळी पडणे आणि कडा करपणे यांविषयी लिहितो. ही दोन्ही लक्षणे मला नागपुरातील जवळजवळ प्रत्येक परसबागेत दिसतात, आणि त्यांचा दोष बहुतेक वेळा आपल्या उन्हाला दिला जातो. अडुळसा हे उन्हाने मरणारे झाड नाही.

पावसाळ्यातील पिवळेपणा आधी घेऊ. नागपूरच्या पश्चिम आणि दक्षिण भागांत बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी माती आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. म्हणूनच मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैमध्ये त्याच भेगा पूर्ण बंद होऊन पाणी खाली उतरेनासे होते. झड चार-पाच दिवस टिकली तर मुळांच्या भोवती हवा उरत नाही, मुळे गुदमरतात, आणि झाड खालची जुनी पाने सोडून देते. अशा वेळी अनेक जण पिवळी पाने पाहून खत घालतात. ते टाळावे, कारण गुदमरलेली मुळे खत घेऊ शकत नाहीत.

खड्ड्याविषयी एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे. काळ्या मातीत दोन फुटांचा खड्डा खणायचा, त्यात मुरूम, वाळू आणि शेणखत भरायचे आणि रोप लावायचे, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात भोवतीची घट्ट काळी माती त्या खड्ड्याच्या भिंतीसारखी काम करते आणि सगळ्या परसाचे पाणी त्या भुसभुशीत जागेत येऊन साठते. आपण रोपासाठी घर बांधायला जातो आणि हौद बांधून ठेवतो. खात्री करायची असेल तर हातभर खोल खड्डा खणून पाण्याने भरावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. पाणी तसेच उभे असेल तर त्या जागी खाली न जाता वर यायला हवे, म्हणजे जमिनीवर फूटभर उंचीचा वरंबा किंवा ओटा करून त्यावर रोप लावायला हवे. ताईंचे झाड तीन वर्षांचे आहे, ते हलवण्याची गरज नाही. झाडापासून दोन-अडीच फूट अंतर ठेवून उताराच्या दिशेने फूटभर खोल चर काढावा, म्हणजे साठलेले पाणी निघून जाईल. आपल्या शहरात अमरावती रोडवर मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाच्या राष्ट्रीय ब्यूरोचे मुख्यालय आहे. देशाच्या मातीचे नकाशे जिथे तयार होतात त्या शहरात आपण रोप लावण्यापूर्वी आपल्या परसाची माती एकदा हातात घेऊन पाहावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता उन्हाळ्यातील करपलेल्या कडा. ताई, रोजचे पाणी कुठून घालता? नळाचे, बोअरचे की कूलरचे?

परसदार (ऑगस्ट)

कूलरचे. कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून रोज सकाळी बादलीने काढून मी ते भिंतीलगतच्या झाडांना घालते. कूलर बोअरच्या पाण्याने भरला जातो.

मृदावाचक (ऑगस्ट)

पाणी वाया जाऊ नये ही भावना योग्यच आहे, पण हे पाणी अडुळशासाठी नाही. कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ करून, आणि वाफ होताना पाणी जाते, क्षार मागे राहतात. समजा टाकीत 60 लिटर पाणी आहे आणि दिवसरात्रीत आपण त्यात आणखी 120 लिटर भरले. सकाळी टाकीत 60 लिटर उरले, तर त्यात 180 लिटर पाण्याचे क्षार आहेत. म्हणजे एका दिवसात क्षारांचे प्रमाण तिप्पट झाले, आणि आपले बोअरचे पाणी मुळातच जड असते. कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर बसतो तोच थर आपण रोज झाडाच्या बुंध्याशी ओतत असतो. मुळे ते क्षार पाण्याबरोबर वर नेतात, पानांच्या कडांपर्यंत पोहोचल्यावर पाणी उडून जाते आणि क्षार तिथेच साठतात, म्हणून जळते ती कड. पानाचा मधला भाग हिरवाच राहतो.

त्या पाण्याने अंगण धुवावे. झाडाला उन्हाळ्यात रोज थोडे पाणी देण्याऐवजी चार-पाच दिवसांनी एकदा, संध्याकाळी, आळे भरून द्यावे, आणि आळ्यात वाळलेल्या पानांचे चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे. साठलेले क्षार यंदाचा पाऊस बऱ्याच प्रमाणात धुऊन नेईल, मात्र त्यासाठी चर आधी काढलेला हवा.

गच्चीवरून (सप्टेंबर)

मी तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर कुंडीत अडुळसा वाढवला आहे. जमिनीसारखा तो उंच होत नाही, पण 16 इंचांच्या कुंडीत चार फुटांपर्यंत आला आहे आणि गेल्या हिवाळ्यात फुललाही. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरीच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा पानांपेक्षा कुंडीचीच काळजी जास्त घ्यावी लागते. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावून पाहा, आतल्या मुळांचे काय होत असेल ते कळेल. मी कुंडीभोवती ओले तरट गुंडाळते आणि ती स्लॅबवर थेट न ठेवता दोन विटांवर ठेवते. कलमे करण्याची पद्धत कोणी नीट सांगेल का? माझी दोन वेळा कुजली.

काटोलचा_बागाईतदार (सप्टेंबर)

कुजतात याचे कारण बहुधा कोवळी हिरवी फांदी किंवा जास्त पाणी. गेल्या वर्षीची, पेन्सिलीएवढ्या जाडीची, हिरवेपणा जाऊन करडी होऊ लागलेली फांदी घ्या. तीन-चार पेरे असलेला वीतभर तुकडा करा, खालचा काप पेऱ्याच्या लगेच खाली तिरका घ्या, वरची दोन पाने ठेवून तीही अर्धी कापा. खालची दोन पेरी मातीत जातील असे तिरके खोचा आणि सावलीत ठेवा. माती ओलसर असावी, चिखल नसावा. जून-जुलैमध्ये लावली तर महिनाभरात मुळे धरतात. एक गोष्ट सांभाळा: वर पाने फुटली म्हणजे मुळे आली असे होत नाही, फांदीतल्या साठ्यावरही ती फुटतात. नव्या पानांची दुसरी जोडी येईपर्यंत कलम उपटून पाहू नका. कुंपणासाठी दोन कलमांत दीड ते दोन फूट अंतर पुरते.

आटरूषक (सप्टेंबर)

मी आयुर्वेदाची चिकित्सक आहे. लागवडीची चर्चा वाचून आनंद झाला. तथापि ज्यांच्या घरी अडुळसा आहे ते त्याची पाने वापरणारच, म्हणून काही गोष्टी सविस्तर लिहिते.

संस्कृतमध्ये याला वासा, वासक, वृष आणि आटरूषक म्हणतात. सिंहास्य असेही एक नाव आहे, कारण दोन ओठांचे फूल उघडलेल्या सिंहमुखासारखे दिसते. चवीला कडू आणि तुरट, वीर्याने, म्हणजे परिणामाने, शीत असलेली ही वनस्पती कास (खोकला), श्वास (दमा) आणि रक्तपित्त (शरीरातून रक्त जाणे) यांवर सांगितली आहे, आणि वासावलेह हे चाटण व वासाघृत हे औषधी तूप हे तिचे प्रसिद्ध कल्प आहेत. पानांतील वासिसिन या अल्कलॉइडवर आधुनिक औषधशास्त्रानेही काम केले. 1960 च्या दशकात वापरात आलेले, कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध वासिसिनच्याच रचनेवरून तयार झाले आणि अँब्रोक्सॉल त्याच मालिकेतले आहे. खोकल्याच्या अनेक बाटल्यांवर आज ही नावे वाचायला मिळतात.

पानांचा रस काढणे वाटते तितके सोपे नाही. ताजी पाने कुटून पिळली तर चोथाच हाती येतो, रस फारसा निघत नाही. म्हणून पुटपाकाची रीत आहे: कुटलेल्या पानांचा गोळा केळीच्या पानात गुंडाळून, वरून कणकेचा किंवा मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजायचा, आणि उष्ण असतानाच फडक्यातून पिळायचा. घरोघरी पाने धुऊन वाफवतात किंवा तव्यावर नरम होईपर्यंत परततात, तेही याच तत्त्वाला धरून आहे. पाने पक्व आणि निरोगी घ्यावीत, आणि ज्या झाडावर कीटकनाशक फवारले आहे त्याची घेऊ नयेत. मात्रा मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण वय, प्रकृती आणि खोकल्याचा प्रकार पाहिल्याशिवाय ती ठरत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिला, थुंकीतून रक्त आले, वजन घटले किंवा संध्याकाळी ताप येऊ लागला, तर अडुळसा उकळत बसू नये. क्षयरोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते आणि ती आधी करून घ्यावी. अडुळशाने खोकला थोडा सैल झाला म्हणून रुग्ण तीन-तीन महिने उशिरा आलेले मी पाहिले आहेत, आणि त्या उशिराची किंमत घरातल्या लहान मुलांनाही मोजावी लागते.

नवी_सभासद (ऑक्टोबर)

माझ्या बहिणीला सातवा महिना चालू आहे आणि तिला आठ दिवसांपासून कोरडा खोकला आहे. झाडाचे म्हणजे निर्धोक, असे समजून आई तिला अडुळशाचा काढा द्यायचे म्हणत आहे. द्यावा का?

आटरूषक (ऑक्टोबर)

देऊ नये. वासिसिनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होते, त्यामुळे गरोदरपणात अडुळसा पूर्णपणे वर्ज्य समजावा. पानांचा रस, काढा, अवलेह आणि अडुळसायुक्त तयार सिरप, सर्वच. आईंना कृपया आजच सांगा आणि बहिणीला तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा.

नवी_सभासद (ऑक्टोबर)

आईला तुमचे उत्तर वाचून दाखवले. पाने तोडून आणलेली होती, ती तिने बाजूला ठेवली. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जात आहोत. आभार.

परसदार (जानेवारी)

ऑगस्टमध्येच चर काढून घेतला होता. दिवाळीला साफसफाईचा माणूस आला तेव्हा मी स्वतः झाडापाशी उभी राहिले. फांद्या भिंतीवरून शेजाऱ्यांच्या बाजूला झुकल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे जाऊन दोन-तीन महिने सांभाळून घेण्याची विनंती केली, आणि त्यांनी ती आनंदाने मान्य केली.

संक्रांतीच्या आठवड्यात पहिला तुरा उमलला. आज मोजले तर एकोणीस तुरे आहेत. तुरा लहान हिरव्या पानांच्या एकावर एक बसवलेल्या खवल्यांसारखा आहे, आणि प्रत्येक खवल्याआडून एक फूल बाहेर येते. वरचा ओठ टोपीसारखा पुढे वाकलेला आहे, खालच्या ओठावर जांभळट रेषा आतल्या दिशेने गेल्या आहेत. सकाळी साडेनऊच्या सुमारास एक मोठा काळा भुंगा आला. तो खालच्या ओठावर बसला तेव्हा ते फूल त्याच्या वजनाने खाली झुकले, आणि तो आत डोके घालत असताना वरच्या टोपीतले पुंकेसर त्याच्या पाठीला घासले गेले. सिंहास्य हे नाव वाचले होते, पण भुंगा आत शिरताना पाहिल्यावर ते नीट कळले. सासूबाईंच्या फोटोपुढे एक तुरा ठेवला.

गच्चीवरून (जानेवारी)

किती छान वाटले वाचून! बिया धरल्या तर अवश्य कळवा.

परसदार (मार्च)

फळे धरली आहेत, गदेच्या आकाराची, इंचभर लांबीची. काल दुपारी दोनच्या उन्हात भिंतीजवळ कपडे वाळत घालत होते तेव्हा टिचकी मारल्यासारखा आवाज आला आणि एक बी बादलीत येऊन पडली. फळ वाळून तडकले की बिया अशा दूर उडतात हे मला ठाऊक नव्हते. एका फळात चार बिया निघाल्या. आता न तडकलेल्या फळांवर मलमलच्या पिशव्या बांधून ठेवल्या आहेत. उन्हाळ्यात कूलरचे पाणी अंगणातच जाईल, आणि छाटणी जूनच्या पावसानंतर करणार आहे. त्या छाटणीच्या कलमांपैकी दोन शेजाऱ्यांना द्यायची ठरली आहेत. गच्चीवरच्या ताईंना हवी असतील तर त्यांच्यासाठीही चार ठेवते.